जुन्या कापडदुकानाच्या इमारतीत छोट्या कंपन्यांसाठी ऑफिसं: चौदा केबिन बसवाव्यात का?

मधली सून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतीच वाचते, लिहायची वेळ आज आली.

सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेली कापडदुकानाची इमारत आहे. तळमजला, वर दोन मजले, त्यावर कौलारू पोटमाळा. दुकान दोन वर्षांपूर्वी बंद केलं. शेवटची अठरा वर्षं हिशेब मीच लिहायचे, त्यामुळे इथे काय आलं आणि काय गेलं ते मला तोंडपाठ आहे. इमारत उभी कशावर आहे, हे मात्र कधी विचारायची वेळच आली नाही.

मापं अशी: रुंदी ९ मीटर, खोली २४ मीटर. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या इमारती चिकटून, म्हणजे उजेड पुढून आणि मागच्या छोट्या अंगणातून, बस्स. तळमजल्याची उंची ४.२ मीटर, पहिल्याची ३.६, दुसऱ्याची ३. आत ओतीव लोखंडाच्या खांबांच्या दोन रांगा, माथ्यावर पानंफुलं. खांबांवर सागाच्या तुळया, तुळयांवर कड्या (म्हणजे बारीक आडवी लाकडं), कड्यांवर फळ्या. भिंती विटा-चुन्याच्या, ४५ सेंटीमीटर जाड. पुढे पितळी चौकटीच्या दोन मोठ्या काचा, मधोमध रुंद लाकडी जिना. मागे एक विहिरीसारखी उभी पोकळी आहे, तिच्यातून कापडाचे गठ्ठे दोराने वर ओढायचे. इमारत वारसा यादीत असल्याने दर्शनी भागाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

दिरांची योजना तयार आहे. एका संध्याकाळी कुणाकडून तरी नकाशा काढून आणला. तिन्ही मजल्यांवर मिळून १४ केबिन, मधून बोळ, फॉल्स सीलिंग, खाली चकचकीत टाइल, प्रत्येक केबिनला स्वतंत्र एसी. दोन-चार माणसांच्या कंपन्यांना भाड्याने द्यायचं. हिशेब कागदावर छान जमतो, तो मीच तपासला. तरी नकाशा बघितला की पोटात गोळा येतो. त्यात ते खांब बारीक ठिपके झालेत, तीन तर भिंतींच्या आत गडप आहेत.

माझे प्रश्न साधे आहेत. मजल्यांना हे वजन झेपेल का? भिंतींना ओल आहे, सिमेंटचा गिलावा मारून टाकावा का? आणि १४ हा आकडा शहाणपणाचा आहे का? दिरांना "मला बरं वाटत नाही" एवढं सांगून भागणार नाही, कारणं लागतील.

जाता जाता: तळमजल्यावर छताजवळून एक तार गेली आहे, गल्ल्यापासून काउंटरांपर्यंत, दोन्ही टोकांना लहान कप्प्या. ती कशासाठी होती ते घरात कुणालाच ठाऊक नाही.

झटपट

ताई, स्पष्ट सांगू का? पुढची भिंत तेवढी ठेवा, मागचं सगळं उतरवा आणि आरसीसीमध्ये नवं उठवा. जुन्या लाकडात पैसा ओतला की तो दिसतही नाही आणि परतही येत नाही. बाहेरून वारसा, आतून नवं, दोघेही खूश.

ओळंबा

तेहतीस वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काढली, त्या जोरावर लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

झटपटरावांचा उपाय जगभर केला जातो, नाही असं नाही. पण दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या असताना मधले मजले उतरवणं म्हणजे तीन इमारतींचा आधार एकाच वेळी काढणं. तुमच्या कड्या-तुळया त्या भिंतींना आतून तोलून धरताहेत. दर्शनी भिंत तर खेळातल्या पत्त्यासारखी, ९ मीटर रुंद, मागून धरायला काही उरलं नाही की तिला उभं ठेवण्यासाठी पोलादी सांगाडा बांधावा लागतो. तो खर्च नकाशात कुणी धरत नाही.

आता तुमचं. दुकानाच्या इमारतीत माल मुक्कामाला असतो आणि माणसं येऊन जाऊन असतात. ऑफिस झालं की उलटं: माल जातो आणि माणसं आठ-आठ तास मुक्कामाला येतात. माझ्या लेखी सगळा प्रश्न एवढाच आहे. तुम्ही पहिला प्रश्न वजनाचा विचारलात, पण वजन ही तुमची सगळ्यात छोटी काळजी असू शकते.

आकडे बघा. युरोपच्या आजच्या मानकात दुकानाच्या मजल्यासाठी चौरस मीटरला ४ ते ५ किलोन्यूटन भार धरतात, म्हणजे ढोबळ ४०० ते ५०० किलो. ऑफिससाठी २ ते ३ किलोन्यूटन. वरच्या मजल्यांवर कापडाचे गठ्ठे रचले जात होते म्हणता, तर त्या तुळयांनी टेबल-खुर्च्यांपेक्षा पुष्कळ जास्त सोसलेलं आहे. हा पुरावा नव्हे, दिलासा आहे. गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच करायचं.

वजन वाढतं ते माणसांनी नाही, बांधकामाने. ३ मीटर उंचीची अर्ध्या विटेची भिंत, दोन्हीकडून गिलावा धरून, लांबीच्या दर मीटरला ७५० ते ८०० किलो भरते. तीच भिंत पत्र्याच्या चौकटीवर दुहेरी जिप्सम बोर्ड आणि आत खनिज लोकर भरून केली तर १५० च्या आसपास. टाइलचंही तसंच. ५० मिलिमीटर मालावर टाइल बसवली की चौरस मीटरला शंभराच्या वर किलो कायमचे चढले. शिवाय लाकडी मजला पावलागणिक थोडा हलतो. तो हलायचा थांबत नाही आणि टाइल वाकत नाही, मग सांधे फुटतात. फळ्या घासून तेल लावा. केबिनच्या भिंती विटांच्या असतील तर नकाशा आजच परत करा.

बघायचं कुठे, तर तुळयांच्या टोकांशी. तुळई मध्येच मोडली असं सहसा होत नाही, भिंतीत गेलेलं टोक कुजतं. तिथल्या दोन फळ्या उचलून पेचकस टोचा. तो लोण्यासारखा आत गेला तर समजा. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला निमंत्रणच, त्यामुळे ओलावा मोजायचं यंत्र कुणाकडून तरी मागून आणा.

भिंतींना सिमेंट? नको, नको आणि नको. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, जोसेफ ॲस्पडिनचं. त्याआधीची कित्येक शतकं चुन्यावर उभी आहेत, त्यानंतरचीही पुष्कळ वर्षं. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट थापलं की सोडायची वाट बंद. मग पाणी वर चढतं, क्षार विटेत फुटतात आणि विटेचा चेहरा सुटून येतो. आधी ओल कुठून येते ते शोधा. निम्म्या वेळा गळकी पन्हाळ असते, उरलेल्या निम्म्या वेळा बाहेरची जमीन भर घालघालून आतल्या जोत्याच्या वर गेलेली असते. ते दुरुस्त केलं की थांबा. जुने गवंडी "इंचाला महिना" म्हणतात: भिंत सुकायला जाडीच्या दर इंचाला एक महिना. तुमची अठरा इंचांची आहे, दोन्ही अंगांनी सुकली तरी पाऊण वर्ष. मग चुन्याचा गिलावा, त्यावर चुन्याचाच रंग. रंगाऱ्याला घाई असते, भिंतीला नसते.

आणि एसीचं पाणी. १४ एसी म्हणजे १४ नळ्या, त्यातल्या दोन तरी भिंतीवर ठिबकणारच. पन्हाळी दुरुस्त करून पुन्हा तीच ओल विकत घ्यायची.

आता १४ चा प्रश्न. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत कामाचा उजेड पोचतो. पुढच्या खिडक्यांची कड ३ मीटरवर धरली तर ६ ते साडेसात मीटर. मागच्या लहान खिडक्यांतून फार तर ५. तुमची खोली २४ मीटर, म्हणजे मधले बारा मीटर काळोख. दुकानात ते चालतं, कापड दिव्याखाली दाखवतात. तिथे आठ तास माणूस बसवायचा असेल तर विचार करा. फॉल्स सीलिंग २.६ वर आणलंत की खिडकीचा वरचा तुकडा झाकला जाईल आणि उजेड आणखी अलीकडे थांबेल. उंची हीच तुमच्या इमारतीची खरी मिळकत, ती पैसे देऊन झाकायची?

म्हणून केबिन मोजण्याआधी उजेड मोजा. नकाशावर पुढून ७ आणि मागून ५ मीटरवर रेघ मारा. रेघांच्या बाहेर माणसं. मध्ये जिना, संडास, बैठकीची खोली, छपाईयंत्र, कपाटं, फोनवर बोलायच्या खोल्या. दुसऱ्या मजल्यावर मात्र सूट आहे. पोटमाळ्याच्या मधल्या फळ्या काढून, कड्या तशाच ठेवून, वर ऊन कमी येतं त्या उतारावर काचेची कौलं बसवा. फळ्या नंबर घालून रचून ठेवल्या तर उद्या कुणाला परत लावता येतील.

मधली सून

काका, प्रिंट काढून दिरांच्या टेबलावर ठेवलं. "मुक्काम" हा शब्द त्यांना लागला असावा, जेवताना एकदम म्हणाले, "हवा कुठून येणार?" आता सांगा, हवा कुठून येणार? आणि संडास किती लागतील?

तिसरी घंटा

मी अग्निशमन दलातून निवृत्त. हवेचं दुसरे सांगतील, मी धुराचं सांगतो.

तुमचा मधला उघडा जिना म्हणजे धुराचं धुराडं. दुकान असताना वर माल होता, खाली आग लागली तर माल जळला असता. आता वर माणसं असतील आणि उतरायची एकमेव वाट नेमकी धुरातून. दुसरा जिना हवाच, मागच्या अंगाला. बाहेर पडायला एकच दिशा असेल तर इंग्लंडच्या मार्गदर्शनात ऑफिससाठी चालण्याचं अंतर १८ मीटर धरतात. तुमच्या इथला आकडा स्थानिक नियमांत बघा, पण २४ मीटर खोल इमारत एका जिन्यावर सुटत नाही हे मी नकाशा न बघताही सांगतो. मधल्या जिन्याला आगरोधक काचेची खोली करता येते. जिना दिसतोही, धूरही अडतो. दारं आपोआप मिटणारी हवीत. त्यांना फरशीचा तुकडा लावून उघडी ठेवणारा एक भाडेकरू असतोच, त्याला पहिल्याच दिवशी ओळखून ठेवा.

लाकडाला लोक उगाच घाबरतात. जाड लाकूड मिनिटाला साधारण ०.६५ ते ०.८ मिलिमीटर या वेगाने कोळसा होत जातं आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला राखतो. अर्ध्या तासात २० ते २४ मिलिमीटर. तुमची सागाची तुळई तेवढं गमावून उभी राहील. फळी एका इंचाची असेल तर ती मात्र अर्ध्या तासात संपली, आणि फळ्यांच्या फटींतून धूर तर पहिल्याच मिनिटाला वर. म्हणून खालून बोर्डाचा थर लागतो. तो कड्यांच्या मधल्या गाळ्यांत बसवला तर कड्या दिसत राहतात. कसबाचं काम आहे, पण होतं.

मला भीती त्या खांबांची. ओतीव लोखंड दाबाला पहाड आणि ताणाला काच. आगीत तापलेल्या खांबावर आमच्याच पाइपचं पाणी पडलं की तो तडकू शकतो. उष्णतेने फुगून जाड थर होणारा रंग मिळतो, तो लावून घ्या, पण इतका जाड नको की नक्षी बुजून जाईल. वायरिंग जुनं असेल तर जपून ठेवायचा विचार मनात आणू नका. सगळं नवं.

ओळंबा

घंटासाहेबांशी पूर्ण सहमत. खांबांवरून आठवलं.

एका कामात इलेक्ट्रिशियनने पाइप अडकवायला अशाच खांबाला भोक पाडलं. पाऊस चालू होता. भोकातून पाण्याची धार आली ती थेट नव्या स्विचबोर्डवर. खांब पोकळ होता आणि छपराचं पाणी त्याच्यातूनच खाली जायचं! ही युक्ती जुनी आहे. १८५१ च्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या काच-लोखंडाच्या प्रदर्शन इमारतीतही तिचा रचनाकार पॅक्स्टन याने पोकळ खांबांतूनच पावसाचं पाणी उतरवलं होतं. तर आधी तुमच्या पन्हाळी कुठे उतरतात ते पाहा. खांबाला वेल्डिंग नको, खिळा नको, क्लॅम्प लावा. पोकळ खांब ओतताना आतला गाभा सरकायचा, त्यामुळे एका बाजूची जाडी कमी भरते. इंजिनिअरला अल्ट्रासॉनिक यंत्राने एकाच पातळीवर तीन-चार जागी मोजायला सांगा. एका जागचं माप म्हणजे नुसता अंदाज.

हवा. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा हा ऑफिसचा रुळलेला आकडा. ४० माणसं धरा, म्हणजे ४०० लिटर, तासाला १,४४० घनमीटर. एवढ्या हवेत खोलीतला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा ५०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५०० भाग) आसपास जास्त राहतो, डोकं चालायला ठीक. भिंतीवरचा एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवत बसतो, नवी हवा आणत नाही. हे फार जणांना ठाऊक नसतं. तुमच्याकडे मात्र एक घबाड आहे: गठ्ठे ओढायची ती विहीर. तिन्ही मजल्यांतून सरळ वर जाणारी तयार पोकळी! हवेची नळी, वीज, इंटरनेटच्या तारा, सगळं त्यातून न्या. प्रत्येक मजल्यावर आगरोधक भरण करा आणि दोन रिकामे पाइप जास्तीचे टाका. दहा वर्षांनी मला दुवा द्याल. जागा पुरत असेल तर तिथेच छोटी लिफ्ट, मग तारांना दुसरी वाट. दुकानं आणि लिफ्ट यांचं नातं जुनंच आहे. ओटिस कंपनीने प्रवाशांसाठीची पहिली लिफ्ट १८५७ साली बसवली ती न्यूयॉर्कच्या हॉवूट यांच्या दुकानात, काचसामान आणि झुंबरं विकायचे तिथे. ती इमारतही ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागाची.

संडासांचा आकडा तुमच्या नगरपालिकेच्या नियमात मिळेल. मी जागेचं सांगतो: तिन्ही मजल्यांवर एकाखाली एक, मधल्या काळोखात. ओल्या जागा एका उभ्या रेघेत असल्या की गळती शोधायला एकच भिंत. त्यातला तळमजल्यावरचा एक चाकाच्या खुर्चीला पुरेल एवढा.

ती तार! ती काढू नका. गिऱ्हाइकाचे पैसे लाकडी डबीत घालून गल्ल्याकडे सोडायचे आणि मोड त्याच वाटेने परत यायची. ही कल्पना १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉवेल गावच्या विल्यम लॅमसन नावाच्या दुकानदाराने धंद्यात आणली. सुरुवातीला तो पोकळ लाकडी चेंडू उतरत्या रुळांवरून सोडायचा, तारा नंतर आल्या. पोटमाळ्यावर डब्या सापडतात का बघा.

भाड्याची खुर्ची

मी तुमच्या संभाव्य गिऱ्हाइकांपैकी. तीन माणसांची आमची अनुवाद कंपनी, चार वर्षं अशाच एका रूपांतरित इमारतीत होतो. सोडून का आलो ते सांगते.

आवाज. बाकी काही नाही, फक्त आवाज. शेजारच्या केबिनमध्ये वसुलीचं काम चालायचं. त्यांच्या प्रत्येक थकबाकीदाराचं कूळ आम्हाला ठाऊक झालं होतं. केबिनच्या भिंती फॉल्स सीलिंगपर्यंतच होत्या. त्याच्यावर सगळ्या मजल्याची एकच पोकळी, आवाज वरून चढून पलीकडे उतरायचा. आणि वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली की आमच्याकडे गडगडाट. भाडं कमी करून द्यायला मालक तयार होते. भाड्याची तक्रार नव्हतीच.

दुसरं, बैठकीची खोली. आम्हाला महिन्यातून चारदा लागायची, ती नव्हती. मग गिऱ्हाइकाला जिन्यात भेटायचं का? आमच्यासारख्यांना मोठी केबिन नकोच असते. लहान जागा चालते, पण गरजेच्या दिवशी मोठी खोली, दार लावून फोनवर बोलायची जागा आणि विजेचा वेगळा मीटर हवा. मीटरवरून आमच्या मजल्यावर दर महिन्याला भांडण व्हायचं, कारण एकाकडे सर्व्हर आणि दुसऱ्याकडे दोन लॅपटॉप. करार अकरा महिन्यांचाच असावा असं नाही, पण एक टेबल वाढवता आलं पाहिजे. लहान कंपनी एक तर वाढते नाही तर मरते, आहे तेवढीच सहसा राहत नाही.

सुरुवातीला ती जागा घेतली होती मात्र तिथल्या उंच खिडकीसाठी. अजून आठवते.

ओळंबा

बाईंनी लाखमोलाचं सांगितलं. भिंती थेट वरच्या फळ्यांपर्यंत न्या, कड्यांच्या मधल्या फटी लोकरीने भरा. छताला नक्षीची पट्टी असेल तर ती कापायची नाही, बोर्ड तिच्या आकाराला कोरून बसवायचा. वरचा हातभर भाग दुहेरी काचेचा ठेवला तर छत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड दिसतं आणि उजेडही आत सरकतो. ऑस्ट्रेलियातल्या बुरा गावी १९७९ मध्ये जतनाची एक सनद ठरली. तिचा रोख असा: गरजेपुरतं सगळं बदला, पण जमेल तितकं कमी. मी कामगारांना हेच सांगतो, सनदेचं नाव न घेता.

तळमजल्याबद्दल एक राहिलं. पुढच्या मोठ्या काचांमागे केबिन करू नका. रस्त्याच्या तोंडावर बसलेला माणूस आठ दिवसांत पडदा लावतो, मग काच असून नसून सारखी. तिथे काहीतरी उघडं, दुकानासारखंच ठेवा. शिकागोत वास्तुकार सलिव्हनने १८९९ पासून बांधलेलं मोठं दुकान २००७ ला बंद पडलं. आज त्याच्या वरच्या मजल्यांवर ऑफिसं आहेत, पण तळाला दुकानच आहे आणि दाराभोवतीची ती लोखंडी वेलबुट्टी लोक अजून थांबून बघतात. पॅरिसचं सामारितेन नावाचं मोठं दुकान २००५ साली सुरक्षेच्या कारणावरून बंद झालं, २०२१ ला उघडलं. त्यातही दुकान राहिलं, जोडीला हॉटेल, ऑफिसं, घरं आणि पाळणाघर.

झटपट

माघार. पण पोलादी सांगाड्याचा खर्च खरंच एवढा येतो?

ओळंबा

तो भाड्याने आणायचा असतो, झटपटराव. काम लांबलं की त्याचं भाडं वाढत राहतं. आणि जुन्या इमारतीचं काम लांबतंच.

मधली सून

सात आठवड्यांनी येतेय, क्षमस्व. हिशेब देते.

इंजिनिअर बाई येऊन गेल्या. फळ्या उचलल्या. बारा तुळयांपैकी दोघींची टोकं कुजलेली, दोन्ही त्याच कोपऱ्यात जिथे पन्हाळ फुटली आहे. बाकीच्या खणखणीत. कुजलेलं टोक कापून नवं सागाचं जोडायचं आहे, पूर्ण तुळई बदलायची नाही. खांबांत पाणी नाही, पन्हाळी मागे उतरतात. एका खांबाची जाडी एका बाजूला निम्मीच भरली, तरी नवा भार जुन्यापेक्षा कमी असल्याने चालेल म्हणाल्या, फक्त त्याच्या शेजारी फायलींची जड कपाटं ठेवायची नाहीत. भाडेकराराच्या मसुद्यात तसं कलम घातलंय. खांबासाठी कलम लिहायची माझी पहिलीच वेळ.

ओल बाहेरच्या भरावाची निघाली. मागच्या अंगणात फरशीवर फरशी अशा तीन पिढ्यांच्या फरश्या होत्या. दोन काढल्या.

आणि १४ चे ९ झाले. तळाला पुढे एकच मोठी जागा, ती नकाशे छापणाऱ्या दोन मुली बघून गेल्या. मध्ये बैठकीची खोली आणि फोनच्या दोन कोठड्या. पहिल्या मजल्यावर तीन, दुसऱ्यावर काचेच्या कौलांमुळे पाच. मागच्या जिन्याने एकेक खोली खाल्ली, तिसरी घंटा यांना कळावं. विहिरीत लिफ्ट बसत नाही, चार बोटं कमी पडतात. तिथून हवा आणि तारा जातील. लिफ्टचा तिढा अजून सुटलेला नाही.

दिरांना मी उजेडाबद्दल काही बोलले नाही. १४ केबिनपैकी काळोखातल्या पाच वर्षातले किती महिने रिकाम्या राहतील तेवढंच मांडून दाखवलं, आणि १४ एसींच्या दुरुस्तीची ओळ खाली लिहिली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "नऊ."

डब्या सापडल्या! पोटमाळ्यावर, खोक्यात, सहा. एकीत एक बटण आणि दोऱ्याचा गुंडा होता. तार तशीच ठेवतोय, बैठकीच्या खोलीवरून जाईल.

आता नवा वाद नऊ कंपन्यांच्या पाट्यांचा. दर्शनी भागावर दुकानाच्या नावाची दगडी पट्टी आहे, तिच्यावर काही लावायला परवानगी मिळणार नाही, आणि भाडेकरूंना नाव रस्त्यावरून दिसायला हवं. काचेच्या आत लावू का, दाराच्या कमानीत? त्यासाठी वेगळा धागा काढते, ओळंबा काका, तिकडे या.